सुट्या गोळ्या

हे शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही — आणि डॉक्टरांना मी बाकी सगळं सांगतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. एवढंच कारण आहे, दुसरं शोधू नका.

बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटी तपासतो. आम्ही यंत्रांना लागणारे पोलादी बुश बनवतो, म्हणजे बोटभर लांबीच्या पोकळ नळ्याच म्हणा. प्रत्येक बुशच्या भोकात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालून बघायचा असतो. गेजचं एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याचा फरक असला, तरी मी तो बुश लाल खोक्यात टाकतो. मालकाचा फोन आला तरी टाकतो. कारखान्यात माझ्याबद्दल एक गोष्ट सगळे सांगतात — जे स्वतः मोजलं नाही, त्यावर हा माणूस सही करत नाही. ते खरं आहे. म्हणून तर पुढचं लिहायला हात जड होतो.

आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचंच. वडिलांचं चिकपेटेत कापडाचं दुकान होतं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि स्वयंपाकघरात दोन्ही एकत्र. मल्लेश्वरमच्या मागच्या अंगाला आमचं लहानसं घर आहे. खाली आम्ही राहतो, वर भाडेकरू. तेव्हा वर नीमा राहायची.

नीमा टांझानियाची. इथल्या एका कॉलेजात पत्रकारितेचं शिकायला आलेली. आफ्रिकन मुलीला घर द्यायला शोभा आधी तयार नव्हती. गल्लीतले लोक काय म्हणतील, वगैरे. मग नीमा स्वतः येऊन बसली, कॉफी प्यायली, 'अक्का, स्वल्प अजून' म्हणून पुन्हा मागून प्यायली, आणि शोभा तयार झाली. गल्लीतल्या सगळ्यांसारखी तीही मला अण्णाच म्हणायला लागली.

दसऱ्यात आमच्याकडे पायऱ्या करून त्यांवर बाहुल्या मांडतात. ही इकडची चाल, आम्ही कधीच उचललेली. नीमा त्या पायऱ्यांसमोर मांडी घालून बसली आणि एकेक बाहुली दाखवून तिची गोष्ट विचारत सुटली. शोभाला सांगायला आवडतं. इंग्रजी अडलं की कन्नड, कन्नड संपलं की हातवारे. शेवटी नीमाने विचारलं, "अक्का, यात माझ्यासारखी कोण?"

शोभाने बघितलं. मीही बघितलं. काळ्या रंगाची एकच होती — सगळ्यात खालच्या पायरीवर, सुळे बाहेर आलेली राक्षसीण.

"अय्यो, तसं नाही गं," शोभा म्हणाली.

"असू दे अक्का. सगळ्यांत चांगले दात तिचेच आहेत." नीमा मनापासून हसली. मग म्हणाली, "पण तिची गोष्ट काय? ती अशी का झाली?"

"तिची गोष्ट नसते. तिला फक्त मारायचं असतं."

नीमा यावरही हसली, पण थोडं उशिरा.

तिच्या अभ्यासाचा विषयही हाच होता. आपल्याकडच्या सिनेमांत, जाहिरातींत, बातम्यांत काळ्या बायका कशा दाखवतात — त्याचे तुकडे तिने लॅपटॉपवर गोळा केले होते. एकदा गच्चीवर मला दाखवले. एकात एक काळी बाई नायकाच्या मागे नाचत होती. दुसऱ्यात पावडर विकत होती. तिसऱ्यात एक जाडजूड बाई विनोदी नटाच्या मागे धावत होती, आणि तो घाबरून झाडावर चढत होता. तो सिनेमा मी थिएटरात बघितला होता. त्या ठिकाणी हसलोही होतो. तिला तसं बोललो नाही, पण माझ्या तोंडावरून तिला कळलं असावं.

"अण्णा, यात काय नाही, सांगा," ती म्हणाली.

मी पडद्यावरचे तुकडे पुन्हा एकदा बघितले.

"यातली एकही कधी आजारी पडत नाही. एकतर धोकादायक, नाहीतर दणकट. दणकट बाईला झोप लागली का, असं कोण विचारतं?"

मी मुद्द्याला बगल देतोय का? हो, देतोय. पण आधी इस्पितळातला बाक आल्याशिवाय, जी सांगायचीय ती संध्याकाळ तुम्हाला कळणार नाही.

तर बाक. त्याच्या आधी बराच काळ माझं बिघडलं होतं. मोजलेलं पुन्हा मोजायचो. पास केलेला बुश खोक्यातून काढून परत गेज घालायचा, ठेवायचा, परत काढायचा. पाळी संपून दिवे मालवायला माणूस यायचा आणि मी तिथेच उभा. मालकाला वाटायचं, काय चोख माणूस आहे. घरी आलो की कुलूप, गॅस, पुन्हा कुलूप. मग मोजण्यातलाही जीव गेला. सकाळी चप्पल घालताना रडू यायचं. चप्पल घालताना कोण रडतं, सांगा?

शहराच्या दक्षिणेला एका इस्पितळात मनोविकाराचे डॉक्टर बसतात. मेट्रोने अगदी दुसऱ्या टोकाला. मल्लेश्वरमचं कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम इतक्या लांबचं शोधलं. महिन्यातून एक शनिवार तिकडे जायचो. शोभाला सांगायचो, बाहेरच्या एका पुरवठादाराकडे माल तपासायला जातोय. ती डबा भरून द्यायची. मी तो डबा इस्पितळाच्या आवारातल्या एका बाकावर बसून खायचो.

एका शनिवारी त्या बाकावर माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं आणि म्हणालं, "अण्णा, तुम्हीही?"

नीमा होती. मी म्हणालो, मित्राला बघायला आलोय. ती म्हणाली, "सरी." म्हणजे कन्नडमध्ये 'बरं'. तेवढ्यात माझा नंबर पुकारला गेला, आणि मला उठावं लागलं.

बाहेर आलो तर ती तिथेच होती. त्या दिवशी मेट्रोत आम्ही वेगवेगळ्या डब्यांतून परत आलो. पुढच्या महिन्यात एकाच डब्यातून आलो. बोलणं फारसं नसायचं. "झोप?" "बरी. तुमची?" इतकंच. दोघांनाही गोळी एकच होती — मला अर्धी, तिला पूर्ण. मला सांगायला लाज वाटते, पण त्या काळात मला जर कुणी सोबती होता, तर ती होती. घरात, कारखान्यात, चिकपेटेतल्या नातेवाइकांत — ज्याच्याशेजारी खोटं न बोलता बसता येईल, असं दुसरं कुणी नव्हतं.

आता पहिली चूक. ही तिच्या भल्यासाठी केलेली होती.

ती गोळ्यांची पट्टी तशीच पिशवीत टाकायची. नाव छापलेलं, कुणीही वाचावं. मी तिला म्हणालो, असं करू नकोस. मी माझ्या गोळ्या पट्टीतून सोडवून व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवतो. कारखान्यातल्या खणात ती बाटली उघडी पडलेली असते, कुणी बघत नाही. तूही सोडवून डबीत ठेव. तिला पटत नव्हतं. म्हणाली, मी अभ्यासात लिहितेय की लपवू नका, आणि स्वतः लपवू? मी म्हणालो, तू इथली नाहीस, मी इथला आहे, लोकांना मी ओळखतो. तिने हातातली पट्टी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, "सरी अण्णा." पुढच्या वेळी तिच्याकडे निळ्या झाकणाची प्लास्टिकची डबी होती.

त्यानंतर थोड्या दिवसांनी तिने मला एक काम सांगितलं. अभ्यासाचा शेवटचा भाग तिला आवाजांचा करायचा होता. कागद नाही, चित्र नाही, नुसत्या ऐकायच्या गोष्टी. पहिली तिची स्वतःची. "त्या सगळ्या तुकड्यांत नसलेली बाई मी त्या बाकावर बसवणार आहे," ती म्हणाली. "शेजारी तुम्ही हवेत. नाव नको, चेहरा नको. आवाज कुणाला ओळखू येणार?"

मी नाही म्हणत होतो. मग एका रविवारी दुपारी, शोभा माहेरी गेलेली असताना, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आड बसून मी बोललो. तिच्या फोनसमोर. मराठीत. कारण ते दुसऱ्या भाषेत माझ्या तोंडून निघेना. तिला एक अक्षर कळत नव्हतं. मध्येच मी रडलो, तेव्हा तिने फोन बंद केला नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही, वाळत असलेल्या चादरीकडे बघत बसली. झाल्यावर म्हणाली, याचं इंग्रजी नंतर तुम्हीच करून द्या. मी हो म्हणालो. करून दिलं नाही. आज देऊ, उद्या देऊ, असं करत राहिलो.

म्हणजे बघा — आयुष्यात एकदा मी सगळं बोललो, तेही जिला कळत नाही तिच्यासमोर.

आणि मग ती संध्याकाळ.

कामावरून येत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गर्दी दिसली. नीमा फूटपाथच्या कडेला बसली होती. श्वास घेता येत नव्हता तिला, आणि जो येत होता तो आवाज होऊन बाहेर पडत होता. कारण काय झालं? असल्या झटक्याला कारण लागत नाही, हे तिथे फक्त मला माहीत होतं. कुणीतरी दंड धरून उठवायला गेलं, तिने हात झटकला. तेवढंच चित्र नंतर दिवसभर दाखवलं गेलं, 'नागरिकांवर हल्ला' म्हणून. सगळ्यांचे फोन वर धरलेले होते. भागात कशासाठी तरी आलेली एका चॅनेलची गाडीही पोचली होती.

तिची पिशवी उपडी झाली होती. निळ्या झाकणाची डबी उघडून गोळ्या रस्त्यावर पसरल्या होत्या. सुट्या. नाव नाही, गाव नाही. पट्टी असती तर गर्दीतल्या कुणीही फोनवर नाव टाकून बघितलं असतं — हे तर मनाच्या आजाराचं औषध. पण पट्टी नव्हती. ती मीच काढायला लावली होती.

चॅनेलच्या माणसाने एक गोळी उचलून तळहातावर घेतली. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने कन्नडमधून विचारलं, घरमालक तुम्हीच ना? मी हो म्हणालो. मग त्याने तळहात माझ्यासमोर धरला. या कसल्या गोळ्या आहेत?

मला माहीत होतं. पांढरी, गोल, मधोमध रेघ, आणि रेघेच्या एका बाजूला कड किंचित बसकी. साच्यातला दोष आहे तो. पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आला होता. असल्याच गोळीचा अर्धा तुकडा आदल्या रात्री मी गिळला होता. पोलादातला केसाएवढा फरक ओळखणारा माणूस मी. तळहातावरची गोळी ओळखणार नाही?

मी म्हणालो, "काय माहीत. ड्रग्जचंच काहीतरी असेल."

इथे थांबायला हवं होतं. थांबलो नाही. माइक तोंडापाशी होता, माणसं ऐकत होती, माना डोलवत होती. मी म्हणालो, "हे लोक असेच असतात. घर दिलं ही आमची चूक झाली."

हे लोक. ही मुलगी, असंसुद्धा म्हणालो नाही.

का म्हणालो? गोळी ओळखली असं म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न होता — तुम्हाला कसं माहीत? त्याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं, आणि ते शोभाच्या, मालकाच्या, अख्ख्या चिकपेटेच्या कानांवर गेलं असतं. हे कारण आहे. सबब म्हणून देत नाही. 'माहीत नाही' म्हणून गप्प बसूनही माझं भागलं असतं. पुढचं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं.

आणि अजून एक. समोरच्या घरातल्या सुनेबद्दल मी हे बोललो असतो, तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. नीमाबद्दल मला काही पटवावं लागलं नाही. तिची गोष्ट तिथे आधीच तयार होती, ती येण्याच्या कितीतरी आधीपासून. माझं वाक्य त्यात अडखळल्याशिवाय बसलं, आणि बसेल हे मला बोलताना ठाऊक होतं.

तिने मान वर केली होती. मी बोललो कन्नडमध्ये, पण ड्रग्ज हा शब्द तिला कळला असणारच. तिने गोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. एक महिला पोलीस तिच्यापुढे उकिडवी बसून इंग्रजीत विचारत होती, तू कसलं औषध घेतेस का? ते इथे कुणाला माहीत आहे का, सांगू शकेल असं कुणी आहे का?

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

"नाही," नीमा म्हणाली. "कुणी नाही."

दुसऱ्या दिवशी तीच महिला पोलीस पत्ता लिहून घ्यायला आली, तेव्हा दारातच सांगून गेली — तपासणीत नशेचं काही सापडलं नाही, मुलीचं इस्पितळात औषध चालू आहे. ते कुणी दाखवलं नाही. दाखवत होते ते माझं वाक्य. घरमालकाचं म्हणणं, म्हणून. पुन्हा पुन्हा. बेळगावहून मेव्हणीचा फोन आला, "भावोजी, टीव्हीवर काय छान दिसत होतात, शर्ट नवीन घेतला का?" कारखान्यात पोरं म्हणाली, "सार, आता सही घ्यायची तर तुमचीच." शोभा म्हणाली, "बरं झालं बोललात. एरवी घुम्यासारखे असता." मग भाजी चिरता चिरता थांबून म्हणाली, "पण मला काही ती तशी वाटली नव्हती हो." मी पेपर वर धरला. ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती, हे मला पेपराआडून दिसत होतं. जरा वेळाने सुरीचा आवाज परत सुरू झाला.

कॉलेजने नीमाकडून खुलासा मागितला. तिने दिला की नाही, मला कळलं नाही. ती जाणार एवढं कळलं. मैत्रिणी गाडी घेऊन आल्या, वरचं सामान खाली आणलं. शोभा आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. मी फाटकाशी उभा होतो. उभं राहायलाच हवं होतं, चावी घ्यायची होती.

तिने चावी माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं असं वाटत होतं. ओरडली असती तर मी — नाही, तरीही मी काही केलं नसतं.

ती हळूच म्हणाली, आतपर्यंत जाणार नाही अशा आवाजात, "अण्णा, गच्चीवरचं ते मी पुसून टाकलं."

मी म्हणालो, का?

"तुम्ही काय बोललात ते मला कळलं नव्हतंच. पण तुमचा आवाज आता सगळ्यांना ओळखू येईल."

रागाने म्हणाली नाही. मी खूपदा आठवून बघितलंय, राग नव्हता. माझं जे तिच्याकडे होतं, ते कुणाच्या हाती लागू नये म्हणून तिने काळजी घेतली होती, आणि मला निर्धास्त राहा म्हणून सांगत होती. मी "सरी" म्हणालो. खरंच. तिच्या तोंडचा तो शब्द माझ्या तोंडून निघाला. ती गाडीत बसली.

तिचा अभ्यास पुरा झाला का, त्या बाकाची गोष्ट तिने कुठे सांगितली का, की बाकावर शेवटी ती एकटीच बसली — मला माहीत नाही. या वेळी खरंच माहीत नाही.

वर आता एक नवराबायको राहतात. दसऱ्याला बाहुल्या मांडतो. राक्षसीण खालच्या पायरीवर असते. शोभाने यंदा तिला जरा मागे, दिसणार नाही अशी ठेवली होती. का, ते मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

महिन्यातून एक शनिवार मी पुरवठादाराकडे माल तपासायला जातो. शोभा डबा देते. गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीतच असतात. बाकावर शेजारी कुणी बसलं की मी थोडा सरकून जागा करतो, आणि समोर बघत राहतो.